तालुकदाराच्या घशातलं हाड

कुत्रं या जनावराची मला किळस आहे. जनावरांच्या दवाखान्यात उभी हयात घालवून आता पेन्शन खात बसलेल्या माणसानं हे सांगावं, यात लाज वाटण्यासारखं काही असेल तर ती मला केव्हाच वाटून झाली आहे. गाईम्हशींचं शेण, मूत, व्याल्यावर पडणारी वार, काय म्हणाल ते मला चालतं. कुत्र्याचं मात्र काही म्हणजे काही चालत नाही. ती ओली जीभ, कानातला तो आंबूस वास, कातडीला चिकटून फुगलेल्या गोचिड्या! आजही घरातलं कोणी कुत्र्याला हात लावून माझ्या ताटाशेजारी येऊन बसलं, की माझं जेवण तिथंच संपतं. आणि एवढ्या नोकरीत जे एक माणूस मला विसरता आलं नाही, ते नेमकं कुत्र्यांत राहणारं होतं.

तिचं नाव धुरपता. सगळे धुरपतामाय म्हणत. पालमच्या बाहेर, माळाच्या कडेला मेंढरंवाल्यांची दहा-बारा पालं होती, त्यातलं शेवटचं तिचं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. पुतण्या ग्यानबा मेंढरं हाकायचा आणि ही कुत्री तयार करायची. आसपासच्या गावांतले मेंढपाळ डोळे न उघडलेली पिलं तिच्या पदरात आणून टाकत आणि वर्षभरानं लांडग्याला भिडणारं रखवालीचं कुत्रं घेऊन जात. बदल्यात एखादं कोकरू देत. अंगानं काटकुळी, कपाळावर मोठं गोंदण, तोंडात सदा तंबाखू. अंगाला लोकर, ताक आणि कुत्रं यांचा मिळून एक वास यायचा. तो माझ्या सदऱ्याला लागला की घरी जाऊन मी सदरा बादलीत बुडवायचो.

निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती. दवाखान्यावरची पाटी अजून उर्दूतच होती, आणि लोक मला जुन्या राज्यातल्या शब्दानं सलोत्री, म्हणजे जनावरांचा डॉक्टर, म्हणत. मी कोर्स करून नुकताच आलो होतो. वय तिशीच्या आत. खिशात इस्त्रीचा रुमाल आणि डोक्यात पुस्तक.

पहिली गाठ पडली ती एका कुत्र्याच्या मानेतल्या जखमेवरून. लांडग्यानं फाडलेली जखम, तिच्यात किडे पडलेले. मी नाकाला रुमाल बांधला, हात होता तेवढा लांब केला आणि चिमट्यानं एकेक किडा धरायला लागलो. म्हातारी बाजूला उकिडवी बसून बघत होती.

"काय करायलाव, साहेब?"

"किडे काढतोय."

"काढायलाव कुठं? ते तर आत पळायलेत की!"

तिनं मला कोपरानं सरकवलं. तोंडातली तंबाखू तळहातावर घेतली, पिळली आणि तो रस थेट जखमेत सोडला. मग वाट बघत बसली. थोड्या वेळानं किडे गुदमरून वर यायला लागले, तशी ती बोटांच्या चिमटीनं ते उचलून मागं टाकू लागली. मागं एक कोंबडी उभी होती. ती टाकला की टिपत होती. मी दवाखान्याच्या मागच्या भिंतीशी जाऊन सकाळचा चहा बाहेर काढला. परत आलो तर म्हातारीनंही नाकाला पदर लावलेला.

"मळमळलं जणू तुमाला?" ती म्हणाली. "मला बी मळमळायलंय. काय तुमचं ते फिनेल! माणूस मरंल की हो वासानं."

म्हणजे तिला माझी किळस आणि मला तिची. अशा पायावर आमची ओळख झाली.

तिचं निदान नाकानं चालायचं. आपण खरबूज हुंगतो तसा ती कुत्र्याचा कान उलटा करून हुंगायची. आंबट वास आला तर नुसता मळ, कुजका आला तर पू. ओठ अंगठ्यानं वर करून हिरड्या बघायची. पांढऱ्याफटक दिसल्या की म्हणायची, "रगत न्हाई. पोटात जंत हायेत." मग गुळातून वावडिंग. एवढ्यावर थांबली असती तर माझी तक्रार नव्हती. पण दुसऱ्या दिवशी मी रस्त्यानं दिसलो की हाक यायची. "सलोत्रीसाहेब, या की! बगा, कशा शेवया पडल्यात!" आणि काटकीनं उकरून ती मला त्या दाखवायची. त्या वर्षी आमच्या घरी शेवया झाल्या त्या मी खाल्ल्या नाहीत. बायकोला कारण सांगितलं नाही, कारण मग तिनंही खाल्ल्या नसत्या.

सगळ्यात राग कशाचा यायचा, तर तिचं बहुतेक खरं निघायचं त्याचा.

पिलू शिकवायची तिची रीत तर आणखी ओंगळ. पिलू आलं की ते ती दुभत्या मेंढीला लावायची, म्हणजे मेंढरं ही त्याला आपलीच माणसं वाटायची. महिनाभरानं भाकरी सुरू. तुकडा स्वतःच्या तोंडात घ्यायची, चावून मऊ करायची आणि पिलाच्या तोंडाशी तोंड नेऊन भरवायची. पिलू तिचे ओठ चाटायचं. मी मान फिरवायचो. एकदा न राहवून बोललो, "माय, हातानं भरवा ना. रोग होतील."

"हाताला काय, धा ठिकाणचा वास असतोय," ती म्हणाली. "तोंडाचा वास येकच. त्यो त्याच्या डोक्यात बसला की मंग आवाज बसतोय. आवाज बसला की हुकूम."

हुकूम तीनच. बस, थांब, सोड. तिनं कुत्र्यावर हात टाकलेला मी कधी पाहिला नाही, आणि एक हुकूम दोनदा दिलेलाही पाहिला नाही. एकदा सांगायचं आणि उभं राहायचं. उन्हाचा कडाका असो की माश्या असोत, पिलू बसेपर्यंत ही खांबासारखी उभी. आम्ही सरकारी माणसं एकच हुकूम चार-चार वेळा काढायचो आणि तरी कोणी ऐकत नसे.

तिचं स्वतःचं कुत्रं होतं, त्याचं नाव तालुकदार. काळं, रुंद छातीचं, कान लहानपणीच कापलेले, लांडग्याच्या दातात सापडू नयेत म्हणून. गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा. निजामाच्या काळात जिल्ह्याचा साहेब तालुकदार असायचा. नव्या राज्यात त्याचा कलेक्टर झाला. तेव्हा वस्तीतल्या शहाण्यांनी तिला सांगितलं, आता कुत्र्याचंही नाव बदल. म्हातारी म्हणाली, "साहेबाचं नाव बदललं तरी पगार चालू राहतोय. माझ्या कुत्र्याला कोण इचारणार?" तालुकदार तालुकदारच राहिला.

मुंबई इलाख्यातून बदलून आलेले एक तहसीलदार होते. त्यांच्याकडे अल्सेशियन जातीचा मोठा कुत्रा होता आणि त्यानं दोन शिपाई फाडले होते. साहेबांनी मला बोलावणं धाडलं. मी म्हातारीला बरोबर नेलं, म्हणजे खरं तर पुढं घातलं. साहेब अंगणात उभे राहून ओरडत होते, "सिट! सिट! सिट, सिट, सिट!" कुत्रा गुलमोहराखाली आरामात फिरत होता.

"साहेब, किती येळा सांगायलाव?" म्हातारीनं विचारलं.

"तो ऐकतच नाही ना!"

"ऐकंल कसा? पाच येळा सांगितलं की त्याला वाटतंय, पयले चार उगंच असतेत. येकदा सांगा आन् गुमान उभं राहा."

तहसीलदार एकदा म्हणाले आणि उभे राहिले. कुत्र्यानं साहेबांच्या खुर्चीच्या पायावर तंगडी वर केली. साहेब लाल झाले, म्हातारीनं डोळे वटारले, साहेब गप्प. बऱ्याच वेळानं कुत्रा कंटाळून खाली बसला. साहेबांना एवढा आनंद झाला की त्यांनी आत पळत जाऊन पेढा आणला. म्हातारी किंचाळलीच. "आता कामून बिघडवायलाव? पेढे घालू घालूच वाट लावलीय त्याची!" मग ती त्याच्याजवळ बसली, कान उलटा केला, हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "हे गुन्हेगार न्हाई, साहेब. ह्याचे कान नासलेत. डोक्याला हात लागला की कळ जातीय, म्हून चावायलंय."

कान धुवायचं काम दवाखान्याचं, म्हणजे माझं. आत काळी चिकट राड होती, हलवलं की चरचर आवाज येत होता. मी औषधाची बाटली उघडून तिच्या हातात दिली आणि दोन पावलं मागं सरलो. तिनं पदराचं टोक करंगळीला गुंडाळून दोन्ही कान साफ केले. आठवडाभरात कुत्रा निवळला. तहसीलदारांनी वर माझी शिफारस लिहिली. असं आमचं ठरूनच गेलं होतं, बाटली माझी, हात तिचा. कागदावर मात्र दोन्ही माझीच असत. यात काही गैर आहे असं तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस सकाळी ती तालुकदाराला घेऊन आली. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबत होता. तोंड मिटत नव्हतं. लाळेच्या दोऱ्या जमिनीपर्यंत लोंबल्या होत्या आणि त्यांना माती लागली होती.

"घशात हाड अडकलंय जणू," ती म्हणाली. "दोन दिस झाले, पाणी बी गिळंना. काढा की जरा."

मी बघितलं. ती लाळ बघितली. आपला हात कोपरापर्यंत त्या तोंडात जाणार हा विचार मला सहन झाला नाही. मी म्हणालो, "माय, तुमचा हात त्याला माहीत आहे. तुम्हीच बघा."

तिनं बाही वर केली आणि हात आत घातला. घसा चाचपला. कुत्र्यानं चावा घेतला नाही, त्याला घेताच येत नव्हता. पण हात बाहेर काढताना दात लागले आणि मनगटावर दोन लांब ओरखडे उठले.

"हाड न्हाई," ती म्हणाली. "कायबी न्हाई आत."

मी कसलीशी पूड दिली आणि तिला वाटेला लावलं. मग नोंदवहीत लक्षणं लिहायला बसलो. जबडा लोंबलेला. लाळ. गिळता येत नाही. आवाज घोगरा. एकाखाली एक लिहीत गेलो आणि माझा हात थांबला. हे पान मी परीक्षेला पाठ केलं होतं. पिसाळलेलं प्रत्येक कुत्रं चावत सुटत नाही. काहींचा जबडाच लुळा पडतो, घरच्यांना वाटतं हाड अडकलं, आणि ते तोंडात हात घालतात. पुस्तकात नेमकं हेच वाक्य होतं.

मी वस्तीपर्यंत पळत गेलो. दीड-दोन महिन्यांपूर्वी एक कोल्हा भर दिवसा मेंढरांत घुसला होता आणि तालुकदारानं त्याला मारला होता, हे तेव्हा कळलं. मला कोणी सांगितलं नव्हतं, कारण विचारायला मी कधी गेलो नव्हतो. तिला सगळं समजावलं. परभणीला जायचं, पोटात चौदा सुया घ्यायच्या, रोज एक. नाही घेतल्या तर मरण, आणि फार वाईट मरण.

ती ओरखड्यांकडं बघत होती. "मंग तुमी हात घातला न्हाई, आन् मला घालाय लावला?" असं काही ती म्हणेल म्हणून मी वाट बघत राहिलो. तिनं विचारलं एवढंच, "तालुकदाराला किती दिस हायेत?"

"दोन. फार तर तीन."

"मंग तीन दिसांनी येते."

"तीन दिवस थांबलात तर माझ्या हातात काही राहणार नाही," मी म्हणालो आणि तिथंच मातीत बसलो. तिनं माझ्याकडं बघितलं, ग्यानबाला कुत्र्याजवळ कोणाला जाऊ देऊ नको म्हणून बजावलं आणि निघाली. तालुकदाराला तिनं लांबूनच "थांब" म्हणून सांगितलं. तो लुळ्या जबड्यानं तसाच, होता तिथं थांबला. नंतर ग्यानबा म्हणाला, कुत्रं त्या जागेवरून हललं नाही, तिथंच संपलं.

गंगाखेडहून रेल्वेनं मी तिला परभणीला नेलं. चौदा दिवस रजा टाकून मी तिथं राहिलो. हे पुण्य म्हणून सांगत नाही. मला झोपच लागत नव्हती. रोज सकाळी ती दवाखान्याच्या ओट्यावर पोट उघडं टाकून पडायची, सुई टोचली की दात चावायची आणि उठल्यावर म्हणायची, "इथं तर तुमच्यापेक्षा लय वास मारायलंय." बाकीचा दिवस ती स्टेशनाबाहेरच्या धर्मशाळेच्या पायरीवर काढायची. तिथं खरजेनं सोललेलं एक बेवारशी कुत्रं होतं. पाचव्या दिवशी ते तिच्या एका शब्दावर बसायला लागलं. दहाव्या दिवशी तिनं कुठूनसं गंधक आणि करडईचं तेल मिळवून त्याला चोपडलं. ते पिवळं, तेलकट कुत्रं तिच्या मागं-मागं फिरायचं आणि मी चार हात दुरून चालायचो.

म्हातारी वाचली. पण आम्ही परत यायच्या आधीच बोलणं गावात पोचलं होतं. धुरपताला कुत्र्याचं विष भिनलंय. आभाळ गडगडलं की चढंल. भुंकायला लागंल. तिच्या लाळेत आलंय. आमच्याकडं ही समजूत पक्की आहे, पिसाळलेल्याचं विष पहिल्या गडगडाटाला उठतं. लोक मृगाची वाट बघत बसले. आभाळ गडगडलं, म्हातारी पालात बसून लोकर विंचरत राहिली, काही झालं नाही. तरी पिलं येईनात. चावलेली भाकरी भरवणारी बाई, तिच्या तोंडाशी आता पिलू कोण देणार? ग्यानबाच्या बायकोनं तिचं ताट वेगळं केलं. पाण्याच्या घागरीला तिला हात लावू देईनात. ज्या माणसांना किड्यांची, पुवाची, जंतांची किळस येत नव्हती, त्यांना आता तिची यायला लागली.

शेवटी वस्तीतल्या चार जाणत्यांनी पंच बसवले. त्यांच्यात वाळीत टाकलेल्याला परत घ्यायची एक रीत आहे. त्याच्या हातचं सगळ्यांदेखत कोणीतरी प्यायचं, मग सगळे पितात आणि विषय मिटतो. मला बोलावलं. मी उभा राहून स्वच्छ सांगितलं, "सुया पुऱ्या झाल्यात. तिला काही झालेलं नाही. तिच्या हातचं खायला-प्यायला काही हरकत नाही."

सगळ्यांत म्हातारा पंच म्हणाला, "झालं तर मंग. तुमी शिकलेले, साहेब. पयलं तुमीच घ्या. तुमच्या मागं आमी सारे."

धुरपतामायनं मेंढी पिळली. पितळेच्या पेल्यात दूध घेऊन ती माझ्यासमोर आली. इतक्या दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं, त्या वेळी ती जराशी हसत होती. दूध कोमट होतं, वर फेस होता, फेसात लोकरीचा एक केस होता. आणि पेला धरलेल्या हाताचा अंगठा दुधात बुडाला होता. तोच अंगठा कुठं कुठं जाऊन आला होता ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. या दुधानं मला काही होणार नाही हे त्या माळावर माझ्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं. तिच्या जातीचाही प्रश्न नव्हता. तो असता तर निदान तेवढं तरी कबूल करता आलं असतं. मला नुसती किळस आली, घशाशी आली.

"आज माझा उपास आहे," मी म्हणालो.

कोणीतरी म्हणालं, "उपासाला दूध चालतंय की, साहेब."

"निर्जळी आहे."

म्हातारीनं माझ्या तोंडाकडं बघितलं. कुत्र्याच्या हिरड्या बघायची तसं बघितलं, आणि तिला सगळं कळलं. ती पंचांकडं वळून म्हणाली, "निर्जळी मोडू न्हाई. देवाचं असतंय." आणि तो पेला तिनं उभ्या-उभ्या स्वतःच पिऊन टाकला. पंच धोतर झटकत उठले. एकेक करून माणसं पांगली. मला कोणी काही बोललं नाही, दुसऱ्या दिवसापासून लोक माझ्याकडं औषधाला येतच राहिले.

तिच्याकडं त्यानंतर एकही पिलू आलं नाही. पुढच्या हिवाळ्यात लांडग्यांनी वस्तीतली बरीच मेंढरं नेली. राखायला धड कुत्रं उरलं नव्हतं. तरी कोणाला तिची आठवण झाली नाही, आणि झाली असली तरी बोलून दाखवली नाही.

वर्षभरानं माझी मानवतला बदली झाली. मोटारीच्या अड्ड्यावर ट्रंक घेऊन उभा होतो, तेव्हा ती आली. रस्त्याच्या पलीकडं उभी राहिली. मी काहीतरी बोलायचं ठरवलं होतं, बरेच दिवस ठरवत होतो. रस्ता ओलांडायला पाऊल टाकलं तशी तिनं हात वर केला.

"नका येऊ जवळ, साहेब. लोक बघायलेत. मानवतच्या बाजाराला इथलेच लोक येतेत, तिथं सांगतेल. मंग तुमच्या हातचं औषध कोण घेईल?"

मोटार आली. मी ट्रंक टपावर चढवली आणि खिडकीशी बसलो. ती अजून तिथंच होती, धुळीनं तोंडावर पदर घेतलेला. तिनं मला का थांबवलं ते मला समजत होतं. पण मी थांबलो तो तिचं ऐकून नव्हे. तिनं हात वर केला तेव्हा, बरं झालं, जवळ जावं लागलं नाही, असं मला वाटलं होतं.